अर्धी कॅसेट आणि 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट'

नानाचा_टेप (धागाकर्ता)

माझा मामा मर्चंट नेव्हीत होता. बोटीवरून घरी आला की त्याच्या ट्रंकेत दोन गोष्टी हमखास असायच्या: परदेशी साबण आणि लाँगप्ले रेकॉर्ड. साबण बायका वाटून घ्यायच्या, रेकॉर्डना कुणी वाली नसायचा. त्यातल्या एका डबल अल्बमवरून त्याने मला कॅसेट भरून दिली. अमेरिकेच्या दक्षिणेतला ऑलमन ब्रदर्स बँड, 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट'. मी तेव्हा नववीत. रेकॉर्ड पुढच्या सुट्टीत मामाने कुणाला तरी देऊन टाकल्या, माझ्याकडे उरली कॅसेट.

आता घोटाळा बघा. अल्बम सव्वा तासाच्या वर आणि कॅसेट साठ मिनिटांची. मामाने सरळ चार बाजू ओळीने भरल्या, जे मावलं ते मावलं. 'ब' बाजूला 'हॉट लँटा', मग 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड', मग 'व्हिपिंग पोस्ट'. हे शेवटचं एकट्या बास गिटारच्या गुरगुरण्याने सुरू होतं, दहाएक मिनिटांत पार शिगेला जातं आणि मग अचानक सगळं विरघळतं. लय जवळजवळ नाहीशी होते, गिटार कुजबुजायला लागते. माझ्याकडे नेमकं तिथेच 'खट्'. प्लेचं बटण वर.

मला वर्षानुवर्षं वाटायचं, काय शेवट केलाय! इतका आरडाओरडा करून झाल्यावर असं विझत जायचं. मित्रांना मुद्दाम ऐकवायचो. 'आता बघ हं, आता बघ,' असं म्हणून हात वर धरून बसायचो आणि खट् झालं की त्यांच्या तोंडाकडे बघायचो.

पुढे नोकरीला लागल्यावर सीडी मिळाली. बाराव्या मिनिटाला माझा हात सवयीने वर गेला आणि गाणं थांबेचना. त्या कुजबुजीतून हळूहळू परत उभं राहिलं. गाणं जवळजवळ तेवीस मिनिटांचं आहे! म्हणजे मी इतकी वर्षं मध्यंतराला उठून घरी येत होतो.

इथे कुणी ऐकलाय का हा अल्बम? त्याबद्दल बोलायला माणूस मिळत नाही.

खडूस_काका

तेवीस मिनिटं एकच गाणं? तुमची कॅसेट शहाणी होती, वेळेत थांबली.

बाकी हे सदर्न रॉक, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतलं रॉक, म्हटलं की दाढीवाले, बिअर, मोठाले झेंडे आणि एकाच वेळी तीन जण वाजवतायत अशा गिटारी. एक ऐकलं की सगळं ऐकलं.

सहा_तारी

काका, तुम्ही म्हणताय ते चित्र बरंचसं नंतरच्या बँडांचं आहे, ह्यांना उगाच डकवू नका. 'सदर्न रॉक' हा शब्द ह्यांच्या गायकाला, ग्रेग ऑलमनलाच आवडत नसे. रॉक जन्मलंच दक्षिणेत, मग वेगळं 'सदर्न' कशाला, असं त्याचं म्हणणं.

नाना, धाग्याबद्दल आभार. मी गिटार शिकलो ती ह्या अल्बममुळे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

बँड १९६९ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला जमला आणि लगेच जॉर्जियातल्या मेकनला गेला. माणसं सहा. ड्युएन ऑलमन आणि डिकी बेट्स गिटारवर, ड्युएनचा धाकटा भाऊ ग्रेग गायला आणि हॅमंड ऑर्गनवर, बेरी ओकली बासवर, आणि ड्रमवर दोघे: बुच ट्रक्स आणि जेमो. जेमो काळा, बाकीचे गोरे. १९६९ च्या जॉर्जियात असा घोळका एका घरात राहतोय, एका गाडीतून फिरतोय, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. ह्याच जेमोने बाकीच्यांना माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेनच्या जॅझच्या रेकॉर्ड ऐकायला लावल्या. त्याचा परिणाम 'एलिझाबेथ रीड'मध्ये कान बंद केले तरी ऐकू येतो.

पहिले दोन स्टुडिओ अल्बम फारसे खपले नाहीत. पण बँड वर्षभर रस्त्यावर असायचा आणि जो प्रत्यक्ष ऐकेल तो वेडा होऊन परत यायचा. म्हणून ठरलं की पुढचा अल्बम स्टेजवरचाच. मार्च १९७१, दोन रात्री मिळून चार खेळ, न्यूयॉर्कच्या सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरचं फिलमोर ईस्ट थिएटर. गंमत म्हणजे जाहिरातीत त्यांच्या वर नाव होतं जॉनी विंटरचं. ऑलमनवाल्यांचं वाजवून झाल्यावर लोक उठून जायला लागले, तेव्हा क्रम बदलून ह्यांना शेवटी ठेवलं.

आता स्लाइडबद्दल, म्हणजे बोटात नळी घालून ती तारांवर घसरवत वाजवण्याबद्दल. पहिल्याच 'स्टेट्सबरो ब्लूज'मध्ये जो रडका-हसरा आवाज येतो ना, तो काढायला ड्युएन बोटात सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली घालायचा. कोरिसिडिन नावाची गोळी. मी पंधराव्या वर्षी गल्लीतल्या केमिस्टकडे तशी बाटली मागितली तर तो म्हणाला, 'खोकला कुणाला झालाय?' शेवटी आजीच्या होमिओपॅथीच्या बाटलीवर भागवलं. बोट अडकलं, साबण लावून काढावं लागलं. पण एक कळलं: बाटली तारेवर नुसती टेकवायची असते, दाबायची नसते. दाबली की पट्टीवर आपटून खडखड होते. आणि सूर पडद्याच्या बरोबर डोक्यावर असतो, पडद्याच्या मागे नाही. केसभर चुकलं की बेसूर. ड्युएन हे भर वेगात करतोय, आणि स्लाइड हातात घेऊन त्याला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती.

सुरमयी

'एलिझाबेथ रीड' आत्ता ऐकलं. सुरुवातीला व्हायोलिन कोण वाजवतंय?

सहा_तारी

कुणीच नाही! तो डिकी बेट्स आहे. तार छेडताना गिटारचा आवाज शून्यावर ठेवायचा आणि छेडून झाल्यावर करंगळीने गोल बटण फिरवत आवाज वर आणायचा. छेडल्याचा 'टण्' गायब होतो आणि सूर गजाने ओढल्यासारखा फुगत येतो.

सुरमयी

अरे वा. आणि स्वर काफी थाटाचे वाटले मला. ग आणि नी कोमल, बाकी शुद्ध. काफी राग आहे असं म्हणत नाहीये, उगाच कुणी अंगावर येऊ नका.

सहा_तारी

बरोबर पकडलंत. त्यांच्याकडे त्याला डोरियन म्हणतात.

नानाचा_टेप

म्हणूनच मला ते पहिल्यापासून घरचं वाटत आलंय. दोन गिटारींची जुगलबंदी तर अगदी आपल्यासारखी.

तीनताल_पुरे

नाना, बाकी सगळं मान्य, पण जुगलबंदी हा शब्द जपून वापरा. पाश्चात्त्य काहीही आवडलं की आपण त्याला जुगलबंदी म्हणतो. ह्या दोन गिटारी मुख्य धून वाजवताना एकमेकींना उत्तर देत नाहीयेत. दोघी एकाच वेळी, एकाच लयीत, तीच धून वेगवेगळ्या सुरांवरून वाजवतायत. एक सा वर असेल तर दुसरी ग वर, ती रे वर सरकली की ही म वर. आपल्याकडे असं नसतंच. एकल वाजवताना मात्र एक जण मागे होतो आणि दुसरा मोकळा सुटतो, तिथे म्हणा हवं तर मैफल.

आता माझ्या विषयाकडे येतो. 'व्हिपिंग पोस्ट'ची सुरुवात मोजून बघितलीय का कुणी? चहाचा कप बाजूला ठेवा आणि टेबलावर बोटं वाजवा:

एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन.

अकरा. चौथ्या गटाला एक मात्रा कमी. कान तीनाला सरावलेला असतो आणि तिथे पायरी चुकल्यासारखं होतं, म्हणून पुढची सम अंगावर आदळते. गायन सुरू झालं की हे मिटतं, मग तीनाचे चार गट, सरळ बारा. दोन कडव्यांच्या मधे परत ती अकराची ओळ येते आणि परत पाय घसरतो. आपल्याकडे रुद्र ताल अकरा मात्रांचाच, पण त्याचे विभाग वेगळे, तेव्हा ह्याला रुद्र म्हणू नका.

गंमत अशी की ग्रेगला हे अकरा आहेत हे ठाऊकच नव्हतं. त्याच्या डोक्यात हिशेब साधा होता: तीन वेळा तीन, आणि पुढच्या तीनांवर उडी मारायला दोन. तुला असलं मोजमाप कळतं हे मला माहीत नव्हतं, असं ड्युएन त्याला म्हणाला. तर धाकटा म्हणे, कसलं मोजमाप? आणि गाणं सुचलं ते रात्री, घरात सगळे झोपलेले, कागद-पेन सापडेना. मग काड्या पेटवायच्या, विझवायच्या आणि काजळीच्या टोकाने इस्त्रीच्या फळीच्या कापडावर लिहायचं. सकाळी त्या घरात काय झालं असेल ह्याची कल्पना आपापल्या आईला डोळ्यांसमोर आणून करावी.

माझा एक शिष्य, हुशार पोरगा, त्याला हे ऐकवलं. त्याने डोळे मिटून दोन आवर्तनं हातावर धरली, तिसऱ्याला चुकला आणि म्हणाला, 'सर, टेप खराब आहे.'

अवखळ_बंड्या

हाहा, टेप खराब आहे! वाचनखूण साठवली. पु.ले.शु. (पुढील लेखनास शुभेच्छा)

खडूस_काका

बोटं वाजवून पाहिली. अकरा आहेत. ठीक.

पण एक प्रश्न विचारतो, आणि खवचटपणे नाही. हा 'लाइव्ह' अल्बम कितपत लाइव्ह आहे? मी वाचलंय की टॉम डाउड नावाच्या निर्मात्याने टेपा कापून जोडल्यात. मग प्रेक्षकांसमोर वाजवलं ह्याचं कौतुक कशाला? लोकांनी जे ऐकलं ते हे नव्हेच.

सहा_तारी

प्रश्न रास्त आहे काका. कापलंय हे खरंच. 'स्टॉर्मी मंडे'त थॉम डूसेटचा हार्मोनिकाचा सोलो होता, तो काढून टाकला. 'यू डोन्ट लव्ह मी' एकोणीस मिनिटांचं आहे, ते दोन वेगवेगळ्या खेळांमधून जोडलंय. पण वरून काही भरलेलं नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं. अनेक 'लाइव्ह' अल्बमांत नंतर स्टुडिओत बसून चुका दुरुस्त करतात, आवाज परत गातात. इथे जे आहे ते त्या दोन रात्रींचंच.

डाउडबद्दल थोडं. हा माणूस तरुणपणी कोलंबिया विद्यापीठात मॅनहॅटन प्रकल्पाच्या कामावर होता. अणुबाँबवरून उठून अटलांटिक रेकॉर्ड्सच्या ध्वनिमुद्रणाला आला. मार्च १९७१ मध्ये तो घानाहून एका संगीतपटाचं काम उरकून नुकताच न्यूयॉर्कला पोचला होता आणि फिलमोरबाहेर उभ्या असलेल्या सोळा ट्रॅकच्या मुद्रणाच्या ट्रकमध्ये जाऊन बसला. पहिला खेळ सुरू झाला आणि स्टेजवर अचानक सॅक्सोफोन वगैरे फुंकणारी मंडळी! त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ती मंडळी बेसूर, आणि त्यांचा आवाज बाकीच्यांच्या माइकमध्ये घुसतोय. मध्यंतरात जाऊन त्याने ड्युएनला सांगितलं, ह्यांना काढ. ड्युएन अडून बसला असता तर हा अल्बम आज कुणी ऐकला नसता असं माझं मत. रात्री खेळ संपला की सगळे अटलांटिकच्या स्टुडिओत जाऊन टेपा ऐकायचे: हे झालं, हे जमलंय, आता उद्या हे परत वाजवायला नको, ते वाजवू.

एकाच बैठकीतलं, एकही टाका न घातलेलं ऐकायचं असेल तर २०१४ मध्ये सहा सीडींचा संच निघालाय. मार्चचे चारही खेळ आणि २७ जूनचा. तुलना करा. मी केली. डाउडची निवड दहातल्या नऊ वेळा बरोबर आहे.

सुरमयी

'यू डोन्ट लव्ह मी'च्या मधे सगळे थांबतात आणि ड्युएन एकटाच वाजवत राहतो, ते काल रात्री हेडफोनवर ऐकलं. दोन-अडीच हजार माणसं असतील ना आत? आणि एवढी शांतता की एम्प्लिफायरची घरघर ऐकू येते. मग कुणीतरी एक जण ओरडतो, रात्रभर वाजवा म्हणून! आपल्याकडे 'क्या बात है' म्हणणारा एक असतोच, तसा तो. त्या माणसाला ठाऊक तरी असेल का, की पन्नास वर्षांनी त्याची आरोळी ठाण्यात ऐकू येतेय?

शेवटी ड्युएन नाताळाची धून वाजवतो ना? 'जॉय टू द वर्ल्ड'? मार्चमध्ये?

सहा_तारी

तीच. मार्चमध्येच. आणि 'व्हिपिंग पोस्ट'च्या उत्तरार्धात 'फ्रेर झाक' डोकावतं, आपल्या इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत शिकवतात ते. नानांच्या कॅसेटमध्ये नसलेला भाग.

नानाचा_टेप

जखमेवर मीठ.

मेकन_वारी

नमस्कार, मी अटलांटाजवळ राहते. मूळची सांगलीची. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. नवऱ्याला हा बँड आवडतो, मला नाही आवडायचा (आता बरा वाटतो).

अटलांटाहून मेकन दीड तासाच्या आत येतं. तिथे रोझ हिल नावाची जुनी दफनभूमी आहे, नदीकडे उतरत जाणारी, मोठमोठी झाडं. बँडची पोरं सुरुवातीच्या दिवसांत तिथे येऊन बसायची, वाजवायची. तिथल्या एका थडग्यावर नाव आहे एलिझाबेथ जोन्स रीड नेपियर. डिकी बेट्सचा जीव एका मुलीवर होता आणि तिचं नाव उघड घेण्याची सोय नव्हती, म्हणून त्याने ह्या बाईचं नाव घेतलं. ही बाई १९३५ मध्ये वारलेली. ध्यानीमनी नसताना अजरामर झाली बिचारी.

आणि त्याच दफनभूमीत ड्युएन आहे. अल्बम जुलै १९७१ मध्ये आला, ऑक्टोबरपर्यंत गोल्ड झाला, आणि २९ ऑक्टोबरला मेकनमध्येच मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. वय चोवीस. वर्षभराने, नोव्हेंबर १९७२ मध्ये बेरी ओकलीही मोटरसायकलवरच गेला, ड्युएनच्या अपघाताच्या जागेपासून तीन चौक अंतरावर. तोही चोवीसचा. दोघं शेजारी शेजारी आहेत. २०१७ मध्ये ग्रेगही तिथेच आला. आम्ही गेलो तेव्हा कुणीतरी कुंपणापाशी गिटारच्या पिक ठेवल्या होत्या, आपल्याकडे देवळाबाहेर सुटे पैसे पडलेले असतात तशा. माझा मुलगा तेव्हा सातवीत. त्याने दगडावरची वर्षं वाचली आणि मनातल्या मनात वजाबाकी केली, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. गाडीत बसेपर्यंत बोलला नाही.

जेवायला गावातल्या एच अँड एच मध्ये गेलो. मामा लुईझ म्हणून तिथल्या मालकीणबाई, त्यांनी ह्या पोरांना खिशात दमडी नसताना जेवू घातलं होतं. खाणावळवाल्या मावशीच म्हणा ना. पुढे बँडला पैसा मिळाला तेव्हा त्यांनी बाईंना दौऱ्यावर सोबत नेलं.

मुखपृष्ठाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते. फोटो फिलमोरचा नाहीच, मेकनमधल्या विटांच्या भिंतीसमोरचा आहे. सामानाच्या पेट्या रचून त्यावर नाव रंगवलंय. जिम मार्शल फोटो काढतोय आणि सगळे तोंड पाडून बसलेले. तेवढ्यात ड्युएनला रस्त्यात ओळखीचा माणूस दिसला, तो उठून पळाला, 'माल' घेऊन परत आला आणि मुकाट्याने जागेवर बसला. त्यावर सगळे खदाखदा हसले आणि तोच फोटो लागला. नीट बघा, ड्युएनची मूठ मांडीत झाकलेली आहे. मागच्या बाजूच्या फोटोत सामान वाहणारी मंडळी बिअरचे डबे घेऊन बसलीयेत. हमालांचा फोटो मलपृष्ठावर छापणारा दुसरा बँड मला तरी माहीत नाही.

अवखळ_बंड्या

ताई, खूप छान लिहिलंत. वजाबाकीचं वाचून थांबलो.

अवांतर: लेनर्ड स्किनर्ड बँडच्या 'वन मोअर फ्रॉम द रोड' ह्या लाइव्ह अल्बमबद्दल कुणी का बोलत नाही? १९७६, अटलांटाचं फॉक्स थिएटर, तीन गिटारी! 'फ्री बर्ड' त्यातच ऐकावं. काकांना हवे ते झेंडेही त्या काळी त्यांच्या मागे होतेच.

सहा_तारी

उत्तम अल्बम आहे, आणि निर्माता परत टॉम डाउडच. शिवाय ते थिएटर पाडायला निघाले होते, ते वाचवायच्या मोहिमेला त्या खेळांचा हातभार लागला. तिथेही पुढे मरण आहेच, वर्षभराने विमान पडलं आणि त्यांचा गायक रॉनी व्हॅन झँट गेला.

पण दोन्हींचा बाज वेगळा. स्किनर्डची प्रत्येक गिटार काय वाजवणार हे आधी घरी ठरलेलं असतं, सोलोसुद्धा स्वर न् स्वर बांधलेला. ते मिरवणुकीतलं ढोलपथक आहे, हात एकदम वर, एकदम खाली. ऑलमनवाले जागेवर शोधतात. कधीकधी सापडत नाही, तेही ऐकू येतं. मला ते जास्त आवडतं. तुम्हाला ढोलपथक आवडत असेल तर त्यात काही वाईट नाही.

खडूस_काका

अहवाल देतो.

काल हिला माहेरी सोडून आलो आणि घर रिकामं होतं म्हणून अल्बम लावला. 'स्टेट्सबरो' चांगलं आहे. 'स्टॉर्मी मंडे' फार चांगलं आहे, दोनदा ऐकलं, हार्मोनिका कापला ते बरं केलं. 'यू डोन्ट लव्ह मी' पहिली सात मिनिटं कंटाळलो, मग तो एकटा वाजवायला लागल्यावर पेपर खाली ठेवला. 'हॉट लँटा' नसतं तरी चाललं असतं. 'एलिझाबेथ रीड' बद्दल सुरमयी ह्यांच्याशी सहमत.

'व्हिपिंग पोस्ट' ऐकताना बाराव्या मिनिटाला मुद्दाम थांबवलं. नानांच्या कॅसेटचा शेवट बघायला. पाच मिनिटं तसाच बसलो. वाईट नाही तो शेवट. मग पुढचं लावलं. अगदी शेवटी मोठा नगारा घुमतो आणि टाळ्यांतच ते भलतंच काहीतरी नवीन सुरू करतात आणि आवाज कमी कमी होत जातो. म्हणजे संपूर्ण रेकॉर्डही अर्धीच आहे की! नानांना कसला दोष देता?

सहा_तारी

काका, नमस्कार स्वीकारा. ते 'भलतंच' म्हणजे 'माउंटन जॅम', तेहतीस मिनिटांचं. ड्युएन गेल्यावर १९७२ मध्ये आलेल्या 'ईट अ पीच'मध्ये आहे, आणि ते बरोबर इथे तुटलेल्या टोकापासूनच सुरू होतं. रेकॉर्डच्या एका बाजूवर मावेना म्हणून त्याचेही दोन तुकडे करावे लागले होते.

खडूस_काका

तेहतीस. परत हिला माहेरी पाठवावं लागणार.

नाना, तेवढं मामांना विचारा, त्या रेकॉर्ड कुणाला दिल्या? जोडकाम कुठे आहे ते मूळ तबकडीवर ऐकायचंय.

नानाचा_टेप

काका, आजच फोन केला. मामा आता मालवणला असतो, कानाला जरा कमी येतं, त्यामुळे सगळं ओरडून विचारावं लागलं. रेकॉर्ड कुणाला दिल्या ते त्याला आठवत नाही. साबण मात्र कुणाला किती दिले ते आठवतं.

म्हटलं, मामा, साठची कॅसेट का घेतलीस रे? नव्वदची घेतली असतीस तर अख्खा अल्बम बसला असता. तर म्हणाला, 'नव्वदची होती की घरात. पण ती तुझ्या मामीने भीमसेनच्या अभंगांसाठी राखून ठेवली होती. तिला कोण सांगणार?'